जुनी कट्यार पारखताना : अस्सलपणा आणि अवस्था कशी तपासावी

कट्यार हातात आली की बहुतेकांची नजर आधी पात्यावर जाते. पारख मात्र मुठीपासून सुरू करावी, असे अनुभवाने झालेले माझे मत आहे. पाते पुढे कधीतरी बदललेले असू शकते, एखाद्या मोडक्या तलवारीचे कापून बसवलेले असू शकते आणि तरीही ती कट्यार पूर्णपणे अस्सल असू शकते. मूठ ज्या लोहाराने घडवली त्याच्या हातोडीच्या, कानशीच्या आणि डाकाच्या (धातू वितळवून दिलेल्या जोडाच्या) खुणा मात्र तिच्या सांध्यांत राहून जातात. या खुणांची नक्कल करणे फार कष्टाचे असते, म्हणून नकली माल बनवणारा नेमकी तिथेच घाई करतो.

हे टिपण मुख्यतः कट्यारीविषयी आहे, कारण आपल्याकडच्या वाड्यांत, देवघरांत आणि जुन्या बाजारांत सर्वाधिक दिसणारे सैनिकी आखूड शस्त्र तेच आहे. खंजीर, बिचवा, जांबिया आणि पेशकब्ज यांनाही यातील बरेचसे लागू पडते. तपासणीला जाताना दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान टॉर्च, लोहचुंबक, जाडी मोजायचा व्हर्नियर, बांबूची टोकदार काडी आणि हातमोजे एवढे साहित्य पुरते. टॉर्च समोरून मारू नये. ती पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे तिरप्या उजेडात पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचवटा आणि ओरखडा सावली टाकतो. सरळ उजेडात गुळगुळीत वाटणारे पाते तिरप्या उजेडात आपली सगळी हकीकत उघडी करते.

मूठ

कट्यारीच्या मुठीत दोन उभ्या भुजा असतात आणि त्यांना जोडणाऱ्या बहुधा दोन आडव्या दांड्या असतात. या दांड्या मुठीत आवळून धरायच्या आणि ठोसा मारावा तसा वार करायचा, अशी ही रचना आहे. पाते आणि मनगट एका रेषेत येत असल्याने सगळा जोर टोकावर जातो. ही गोष्ट पारखताना उपयोगी पडते, कारण वापरासाठी घडवलेली कट्यार हातात घट्ट बसते. दांड्यांचे अंतर बेताचे असते, मधला फुगीर भाग बोटांच्या पेरांत जाऊन बसतो आणि भुजा मनगटाच्या दोन्ही बाजूंना टेकून पात्याला डगमगू देत नाहीत. भिंतीवर टांगण्यासाठी बनवलेल्या नकलेत दांड्या बऱ्याचदा पातळ पट्टीच्या असतात, त्यांच्या कडा बोटांना काचतात आणि मूठ आवळली की पाते थोडे हलते.

यानंतर सांधे पाहावेत. जुन्या मुठी तापवून, ठोकून घडवलेल्या असतात आणि त्यांचे भाग घडाईत जोडलेले, रिवेटने ठोकलेले किंवा पितळी डाकाने सांधलेले असतात. डाकाचा सांधा भिंगाखाली पिवळसर बारीक रेघेसारखा दिसतो. काही ठिकाणी ती रेघ तुटक असते, काही ठिकाणी डाक थोडा बाहेर ओघळलेला असतो. आधुनिक वेल्डिंगचा सांधा ग्राइंडरने सपाट करून लपवलेला असला तरी तो जागा दाखवतो, कारण तिथल्या लोखंडाचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा पडतो आणि गंजही वेगळ्या पोताचा चढतो. दांडी भुजेला जिथे मिळते त्या आतल्या कोपऱ्यात ग्राइंडरचे चाक पोहोचत नाही. त्यामुळे वेल्डिंगचा गोलसर मणी सापडायचा असेल तर तो तिथेच सापडतो.

ओतीव मूठ ओळखणे त्याहून सोपे आहे. दोन साच्यांच्या जोडाची बारीक कड भुजांच्या आतल्या बाजूने धावत असते, नक्षीच्या खोल भागांत टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसतात आणि नक्षीच्या कडा लोणी वितळावे तशा बोथट असतात. हाताने कोरलेल्या नक्षीत छिन्नीचा प्रत्येक घाव सुरुवातीला खोल आणि शेवटाला उथळ असतो. दोन भुजांवर एकच वेल कोरलेली असली तरी तिची पाने मोजली तर एखादे पान कमी-जास्त निघते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तर मी सावध होतो.

प्रदेशाची घडणही लक्षात ठेवावी. विजयनगरच्या आणि त्यानंतरच्या दक्षिणी कट्यारींना पुष्कळदा हाताच्या पाठीवर शिडासारखे वळलेले लोखंडी कवच असते, पात्याच्या मुळाशी याळीचे (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचे) किंवा पानाचे रूप असते आणि पात्यावर अनेक खोबणी पाडलेल्या असतात. राजस्थानी कट्यारींना सहसा असे कवच नसते. त्यांच्या भुजा सरळ, लांब आणि बऱ्याचदा सोन्याच्या कामाने भरलेल्या असतात. विक्रेता दक्षिणी कवचाच्या कट्यारीवर राजस्थानी सोनेरी वेलबुट्टी दाखवत असेल, तर ते काम नंतर चढवले आहे का, हे आधी तपासावे. तंजावरच्या भोसले घराण्याच्या शस्त्रागारात अशा दक्षिणी कट्यारींचा फार मोठा साठा होता. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी महाराज निवर्तले, संस्थान खालसा झाले आणि त्यानंतर त्या शस्त्रागारातील असंख्य शस्त्रे मोडीत काढली गेली. निवडक शस्त्रे चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात गेली आणि काही जगभरच्या संग्रहांत विखुरली. मराठी माणसाने चेन्नईला गेल्यावर ती कपाटे अवश्य पाहावीत, कारण अस्सल घडणीची सवय डोळ्यांना लागली की नक्कल आपोआप खटकू लागते. त्याच हेतूने पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील शस्त्रे पुन्हा पुन्हा पाहावीत. एकदा पाहून भागत नाही.

पाते

अस्सल पाते घडवताना त्याची जाडी सगळीकडे एकसारखी ठेवलेली नसते. मुळाशी, मध्यावर आणि टोकाच्या अलीकडे अशा तीन जागी व्हर्नियर लावून माप घ्यावे. मध्ये उंच कणा असतो, दोन्ही अंगांना खोलगट भाग असतो आणि अनेक कट्यारींचे टोक मुद्दाम जाड, चौकोनी ठेवलेले असते. चिलखताच्या कड्या फोडून आत शिरण्यासाठी ही योजना होती. गॅरेजमधल्या पाट्याच्या (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीच्या) किंवा पत्र्याच्या तुकड्यातून कापलेल्या पात्याची जाडी मुळापासून टोकापर्यंत जवळपास एकच भरते आणि त्याचा कणा म्हणजे दोन्ही बाजूंनी ग्राइंडर फिरवल्यावर मध्ये उरलेली कड असते. खोबणींतही हाच फरक आहे. हाताने खरवडून काढलेली खोबण बारकाईने पाहिली तर किंचित वळते आणि टोकाशी हळूहळू विरत जाते. यंत्राने काढलेली खोबण शेवटी अर्धगोल होऊन एकदम थांबते.

दक्षिणी कट्यारीला तलवारीच्या पात्याचा तुकडा बसवलेला आढळला तर घाबरून जाऊ नये. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत युरोपातून आलेली पाती आपल्याकडे फार मानाची होती, त्यांना फिरंगी म्हणत आणि अशी पाती कापून कट्यारीच्या मुळाला रिवेटने जोडण्याची पद्धत रूढ होती. अशा जोडणीत मुळाकडून दोन पाकळ्या पुढे येऊन पात्याला दोन्ही बाजूंनी धरतात. त्या पाकळ्यांची कड आणि पाते यांच्या फटीत शतकानुशतके साचलेला काळा मळ असतो. अलीकडे जोडलेल्या पात्याच्या फटीत स्वच्छ धातू, ताजा तांबूस गंज किंवा रंग लावलेली माती असते. बांबूच्या काडीने ती फट हलकेच कुरतडली की आत काय आहे ते कळते. पात्यावर पळणारा लांडगा किंवा कोयतीसारख्या दोन दातेरी कमानी कोरलेल्या दिसल्या, तर ते पाते युरोपातच घडले असे समजू नये. या छापांची नक्कल इथल्या कारागिरांनी त्याच काळात केलेली आहे. तिला खोटेपणा म्हणण्यापेक्षा त्या काळचा बाजार म्हणावे.

अवस्थेच्या दृष्टीने पात्यात चार गोष्टी बघायच्या. टोक मूळचे आहे की मोडल्यावर घासून पुन्हा काढले आहे? कणा आणि टोक यांची रेघ जुळत नसेल, किंवा जाड टोकाची कट्यार असूनही टोक पातळ असेल, तर ते नंतर काढलेले आहे. दुसरे, पाते वारंवार पाजवल्याने अरुंद झाले आहे का? मुळाशी रुंद आणि लगेच आत दबलेली धार ही त्याची खूण असते. तिसरे, मुळाजवळ आडवी केसासारखी भेग आहे का? पाते उजेडाकडे धरून, किंचित वाकवण्याचा मोह टाळून, भिंगाने दोन्ही बाजू पाहाव्यात. एका बाजूला दिसणारी रेघ ओरखडा असू शकते, पण दोन्ही बाजूंना त्याच जागी रेघ असेल तर ती भेग आहे आणि अशा कट्यारीची किंमत लक्षणीय कमी धरावी. चौथे, धारेवरचे खाचे. लढाईतले खाचे एखाद-दुसरे आणि वेगवेगळ्या खोलीचे असतात. समान अंतरावर एका ओळीत असलेले खाचे कोणीतरी जुनेपणा यावा म्हणून पाडलेले असतात.

मूठ दाबली की पाते उघडून आतून तिसरे पाते बाहेर येते, अशा कात्रीच्या धर्तीच्या कट्यारी बाजारात खूप दिसतात आणि त्या पाहून नवशिका हमखास भारावतो. जुन्यांतल्या बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या असतात. त्यांच्या नकला अतोनात झाल्या आहेत. पहिल्या काही खरेदींत त्या वाटेला जाऊ नये, असा माझा सल्ला आहे.

पोलादाचे जौहर आणि सोन्याचे काम

दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या जुन्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी असते. तिला जौहर म्हणतात. ही नक्षी धातूच्या आतल्या कणांची असल्याने पात्याच्या संपूर्ण जाडीत असते. आम्लाने किंवा चित्र उमटवून काढलेली खोटी नक्षी फक्त वरच्या पापुद्र्यात असते. फरक ओळखायचा तर पात्यावरचा एखादा जुना ओरखडा किंवा खाचा शोधावा. खरी नक्षी खाच्याच्या आतही अंधुक दिसते, खोटी नक्षी तिथे तुटते. खोटी नक्षी ठराविक अंतराने जशीच्या तशी पुन्हा येते, जसे कापडावर ठसे मारावेत. शिवाय वेगवेगळ्या लोखंडाच्या पट्ट्या तापवून पिळून एकत्र केलेले पाते हा तिसरा प्रकार आहे. तो जुनाही असतो आणि आजही बनतो. त्याची रेषा ठळक, थरांची आणि लाकडाच्या रेषांसारखी असते, तर मुशीच्या पोलादाची नक्षी त्याहून बारीक आणि धुक्यासारखी पसरलेली असते. नक्षी पाहण्यासाठी पात्यावर स्वतः आम्ल लावण्याचा प्रयोग कधीही करू नये. विक्रेता तयार असला तरी करू नये, कारण चुकीची तीव्रता दोन मिनिटांत पाते कायमचे खरबरीत करते.

सोन्याच्या कामात कोफ्तगिरी हा प्रकार सर्वाधिक आढळतो. यात लोखंडाचा पृष्ठभाग आधी बारीक तिरप्या-आडव्या रेघांनी खरवडतात, त्या खरबरीत भागावर सोन्याची तार किंवा पत्रा दाबून बसवतात आणि मग घोटतात. त्यामुळे जिथे सोने झिजून गेले आहे तिथे भिंगाखाली त्या जाळीदार रेघा दिसल्याच पाहिजेत. हा एवढा एक निकष मला आजवर सर्वाधिक उपयोगी पडला आहे. विजेच्या साह्याने चढवलेल्या मुलाम्यात किंवा सोनेरी रंगात झीज झाली की खाली गुळगुळीत लोखंड दिसते, आणि रंग खोल नक्षीत साचलेला, पण उंचवट्यांवर पातळ असतो. तारेचे सोने हाताच्या घर्षणाने कुठे झिजेल याचा विचार करावा. बोटे जिथे लागतात ते दांड्यांचे मध्य आणि भुजांच्या बाहेरच्या कडा आधी झिजतात. भुजांच्या आतल्या बाजूचे सोने गेले आहे आणि बाहेरचे शाबूत आहे, असे दिसले तर त्या झिजेचे कारण विक्रेत्याला विचारावे.

गंज

गंज हा कट्यारीचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे, पण त्याची भाषा शिकावी लागते. जुना, स्थिर झालेला गंज काळपट तपकिरी असतो, तो धातूला घट्ट चिकटलेला असतो आणि बोट फिरवले तर हाताला लागत नाही. जिवंत गंज नारिंगी, भुसभुशीत असतो, तो पांढऱ्या रुमालावर उतरतो आणि धातू अजून खाल्ला जात आहे हे सांगतो. नकली माल आम्लात बुडवून, मिठाच्या पाण्याने भिजवून किंवा ओल्या मातीत पुरून जुना केला जातो. त्यावर गंज सगळीकडे एकसारखा चढतो, खड्डे एकाच आकाराचे पडतात आणि हाताने झिजायला हवे त्या जागीही खड्डे असतात. खऱ्या वस्तूत गंजाला कारण असते. रिवेटच्या भोवती पाणी साचते म्हणून तिथे, म्यानाच्या तोंडाशी ओल धरते म्हणून तिथे, आणि टोकाशी म्यानाच्या तळातला ओलावा पोहोचतो म्हणून तिथे तो अधिक असतो.

एकदा आठवड्याच्या बाजारात मी एक कट्यार जवळजवळ घेऊन टाकली होती. गंज सुंदर तपकिरी, मूठ जड, विक्रेता शांत आणि भाव वाजवी होता. निघता निघता सवयीने भुजेच्या आतल्या कोपऱ्यात टॉर्च तिरपी धरली आणि गंजाच्या पातळ थराखाली समांतर, बारीक, एकाच वळणाच्या रेघांचा झुबका दिसला. पंख्याच्या पात्यांसारख्या त्या रेघा गोल चाकाशिवाय उमटत नाहीत. गंज त्या रेघांच्या वर चढलेला होता, म्हणजे आधी ग्राइंडर फिरला आणि नंतर गंज आणला गेला. मी कट्यार परत ठेवली. त्या दिवसापासून मी भिंग लावण्याआधी कोणत्याही कट्यारीचा भाव विचारत नाही, कारण भाव ठरू लागला की डोळे सोयीचे तेवढेच पाहतात.

याच्या उलट चूक मी माझ्या घरातच केली, आणि ती अजून सलते. आमच्या देवघरात एक कट्यार होती. ती दरवर्षी खंडेनवमीला पूजेसाठी निघायची, तिला हळद-कुंकू लागायचे, झेंडूचे फूल वाहिले जायचे आणि ती पुन्हा कापडात गुंडाळली जायची. एके वर्षी, सणाला ती चकचकीत दिसावी म्हणून मी लिंबू आणि राख घेऊन तास-दीड तास घासली. पाण्याबरोबर काळा मळ गेला, हळद-कुंकवाचे वर्षानुवर्षांचे थर गेले आणि शेवटी फडक्यावर पिवळे चमचमते कण दिसले. मुठीच्या दांडीवर बारीक कोफ्तगिरी होती, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. ती मळाखाली सुरक्षित होती. आज त्या दांडीच्या एका टोकाला, भुजेच्या सांध्यात, नखाएवढ्या जागेत तीन पाने आणि अर्धे फूल एवढेच सोने उरले आहे, आणि त्याच्या बाजूला, राख जिथे पोहोचली नाही तिथे, कुंकवाचा जुना लालसर काळा थर अजून आहे.

म्हणून सांगतो, घरातल्या किंवा नुकत्याच घेतलेल्या कट्यारीला चिंच, लिंबू, राख, विटकर, भांडी घासण्याची पूड किंवा पॉलिश पेपर लावू नये. पूजेचे थर हे जुन्या वस्तूच्या घरगुती वापराचा पुरावाही असतात. नकली वस्तूवरचे कुंकू सांध्याच्या खोल भागात गेलेले नसते, वरवर फासलेले असते आणि ओल्या कापसाने लगेच निघते. पिढ्यानपिढ्यांचे कुंकू तेल, धूर आणि धूळ यांच्याशी मिसळून दगडासारखे बसते. तपासताना फक्त एका लहान, न दिसणाऱ्या जागी कापसाचा बोळा टेकवून पाहावा.

लेख, वर्षे आणि कहाण्या

कट्यारीवर अक्षरे असतील तर त्यांचा मजकूर आणि ती कोरण्याची रीत, दोन्ही तपासावीत. दख्खनच्या शस्त्रांवरचा एक प्रसिद्ध लेख बिकानेरचे राजे अनूपसिंह यांच्याशी जोडलेला आहे. १६८९ च्या सुमारास मुघलांच्या बाजूने अदोनी (आजच्या आंध्र प्रदेशातील किल्ल्याचे ठाणे) जिंकली गेली तेव्हा तिथली शस्त्रे बिकानेरला गेली आणि त्यांतील कित्येकांवर देवनागरीत ठिपके ठोकून नोंदी केल्या गेल्या. पुढे त्या शस्त्रांतील काही विकली गेली आणि आज ती जगभर आढळतात. जुन्या ठिपक्यांच्या कडा वर उचललेल्या आणि नंतर हाताळणीने बसलेल्या असतात, आणि ठिपक्यांच्या खड्ड्यांत आजूबाजूसारखाच जुना गंज असतो. ठिपके आजही पाडता येतात, म्हणून केवळ लेख आहे यावरून निष्कर्ष काढू नये. खड्ड्याचा तळ चमकत असेल तर लेख नवा आहे.

वर्षाचे गणित करून पाहणे हा सर्वांत स्वस्त तपास आहे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, विक्रम संवतातून ५७ वजा केले की साधारण इसवी सन येतो. शकासोबत संवत्सराचे नाव असेल तर आणखी बरे. दख्खनच्या गणनेत शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजलेला क्रमांक असतो. शिवराज्याभिषेकाचे वर्ष घ्या. शक १५९६, त्यात १२ मिळवले तर १६०८, त्याला ६० ने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, जुळले. शक आणि संवत्सर जुळत नसतील तर लेख बनावट असण्याची शक्यता मोठी आहे, किंवा निदान तो काळजीपूर्वक वाचून घ्यायला हवा. आणि देवनागरीत एखाद्या सरदाराचे नाव कोरून त्यापुढे १६७४ असे इसवी सनाचे वर्ष घातलेले आढळले, तर पुढे वाचण्याची गरज नाही. त्या काळचा मराठी कारागीर शक किंवा राज्याभिषेक शक घालेल.

मोठ्या नावांच्या कहाण्या मी सर्वांत शेवटी ऐकतो. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. त्यांच्यासोबतची पेटी साताऱ्याला रेसिडेंट (कंपनी सरकारचे प्रतिनिधी) राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडची आहे आणि तिच्यावर या वाघनखांनी शिवाजी महाराजांनी ‘मुघल’ सेनापतीला मारल्याचे लिहिले आहे. अफझलखान मुघलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा होता. नेमकी हीच वाघनखे त्या प्रसंगी वापरली गेली याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतः स्पष्ट सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकातली, नामवंत माणसाकडची, लेख असलेली पेटी असूनही हे घडते. त्यामुळे ‘आमच्या पूर्वजांना पेशव्यांनी दिलेली’ या वाक्याची किंमत कागद दाखवल्याशिवाय शून्य धरावी. कागद म्हणजे जुन्या याद्या, इनामपत्रे, वारसांच्या वाटणीची पत्रे, जुना फोटो किंवा लिलावाच्या यादीतील क्रमांक. फोटो असल्यास त्यातील खाचे आणि डाग हातातल्या वस्तूशी एकेक करून जुळवावेत.

म्यानाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, मूळ म्यान टिकणे विरळ आहे. लाकडाच्या दोन पातळ फाळक्यांवर कातडे किंवा मखमल चढवलेले असते, तोंडाशी मोहनाळ आणि तळाशी तहनाळ असते. मखमल बदललेली असणे साहजिक आहे आणि त्याने वस्तू नकली ठरत नाही. लाकडाच्या आतली बाजू मात्र पाहावी. पाते वर्षानुवर्षे आत-बाहेर केल्याने तिथे धारेच्या रेघा पडलेल्या असतात आणि त्या पात्याच्या आकाराशी जुळायला हव्यात.

कायद्याची बाजू

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपत्ती कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण आजोबांची कट्यार सामानात घालून नेणे हा प्रेमाचा विषय असला तरी कायद्याने तो गुन्हा होऊ शकतो. नवी प्रतिकृती बाहेर न्यायची असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देते. एखादा विक्रेता कट्यार ३०० वर्षांची आहे असे सांगतो आणि त्याच वेळी असा दाखला काढून ती परदेशी पाठवतो म्हणत असेल, तर त्याच्या दोन वाक्यांपैकी एक खोटे आहे. याशिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या शस्त्रांचा उल्लेख येतो आणि अनेक कट्यारींचे पाते मुळाशी २ इंचांहून रुंद असते, म्हणून खरेदीपूर्वी आपल्या जिल्ह्यात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. खंजिराची किंवा पेशकब्जाची मूठ हस्तिदंती असेल, तर तिच्या खरेदी-विक्रीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी लागू आहे. अशी वस्तू कितीही अस्सल असली तरी व्यवहार करू नये.

घेतल्यानंतर

कट्यार घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काहीही साफ न करता तिची नोंद करावी. एकूण लांबी, पात्याची लांबी, मुळाशी रुंदी, तीन जागची जाडी, वजन, दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो, प्रत्येक खाचा आणि भेग, तसेच विक्रेत्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवावी. ही वही पुढच्या मालकासाठी त्या कट्यारीचा पहिला खरा कागद ठरेल.

जिवंत गंज असेल तर बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने सुटा भाग काढावा, त्यावर हलके यंत्राचे तेल दोन दिवस राहू द्यावे आणि मऊ सुती कापडाने पुसून घ्यावे. सोन्याच्या कामाला तेलही घासून लावू नये. कोरड्या झालेल्या धातूवर संग्रहालयांत वापरतात तसे मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ चढवावे. खोबरेल तेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. हाताच्या घामातील मीठ रात्रीत बोटांचे ठसे गंजवते, म्हणून हातमोजे सोडू नयेत. कट्यार म्यानात घालून ठेवू नये. कातडे आणि मखमल ओल धरतात, आणि कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बंद म्यानातले पाते पंधरा दिवसांत नारिंगी होते. पाते आणि म्यान वेगळे, आम्लविरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून पाहावे. भेग असेल, सोने सुटत असेल किंवा डाक उघडला असेल, तर घरी खटपट न करता संग्रहालयातील धातू-संवर्धकाचा सल्ला घ्यावा. गावातल्या शिकलगाराकडे ती चकचकीत करायला देऊ नये, कारण त्याचे कौशल्य वापरातल्या शस्त्राला धार देण्याचे असते आणि तो आपल्या कामाला जागून जुना पृष्ठभाग मनापासून घासून काढील.